आकार आणि आकारमान : अतिसंवाहकतेच्या सूक्ष्म जगात

(मंडळाच्या इंदूर येथील गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कालचे नाट्यगीतांचे आणि उद्याचे पाककृती स्पर्धेचे कार्यक्रम यांच्यामध्ये आज भौतिकशास्त्र आले आहे. तरीही आपण एवढ्या संख्येने बसला आहात, त्याबद्दल आधी आभार मानतो. समीकरण एकही मांडणार नाही, एवढे आश्वासन सुरुवातीलाच देतो.

मराठीत दोन शब्द आहेत, आकार आणि आकारमान. बोलण्याच्या ओघात आपण एकाच्या जागी दुसरा वापरतो, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. आकारमान म्हणजे वस्तू केवढी आहे ते, आणि आकार म्हणजे ती कशी आहे ते. शाडूच्या एकाच गोळ्यातून मूर्तिकार मूर्ती घडवतो, पाटही घडवतो आणि उंदीरही घडवतो. माती तीच, वजनही हवे तर तेवढेच, पण आकार वेगळा. मात्र भाजल्यावर कोणता भाग किती तापमानाला पक्का होईल हे माती ठरवते. त्यात आकाराचा फारसा हात नसतो. धातूंबद्दलही आपण असेच शिकलो. तांब्याचा भांडे म्हणून आकार काहीही असो, तांबे १०८५ अंश सेल्सिअसलाच वितळणार. गुणधर्म पदार्थाचा, आकार आपल्या सोयीचा.

आज मला असे एक जग दाखवायचे आहे जिथे हा नियम चालत नाही. तिथे ॲल्युमिनियमची रेघ, ॲल्युमिनियमचा ठिपका आणि ॲल्युमिनियमची कडी हे जणू तीन वेगळे पदार्थ असल्यासारखे वागतात.

आधी अतिसंवाहकता म्हणजे काय ते पाहू. घरातल्या तारेतून वीज वाहते तेव्हा तार थोडी तापते. तारेला विद्युत रोध असतो आणि त्या रोधात काही वीज वाया जाते. १९११ साली नेदरलंड्समधील लायडन येथे हाइके कामर्लिंग ओनस यांनी पारा द्रवरूप हेलियममध्ये थंड केला. तापमान ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले आणि पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. कमी झाला असे नव्हे, मोजता येणार नाही इतका गेला. या अवस्थेला अतिसंवाहकता म्हणतात आणि ज्या तापमानाला ती सुरू होते त्याला क्रांतिक तापमान. ॲल्युमिनियमचे क्रांतिक तापमान १.२ केल्विन, कथलाचे ३.७, शिशाचे ७.२ आणि नायोबियमचे ९.२ केल्विनच्या आसपास आहे. केल्विन मोजपट्टीचे शून्य म्हणजे उणे २७३ अंश, हे लक्षात ठेवले की या थंडीची कल्पना येईल.

१९३३ मध्ये माइस्नर आणि ऑक्सेनफेल्ड यांनी दुसरी गोष्ट दाखवली. अतिसंवाहक आपल्या पोटात चुंबकीय क्षेत्र शिरू देत नाही, बाहेर ढकलतो. क्षेत्र फार वाढवले तर मात्र अतिसंवाहकताच मोडते. म्हणजे तिचे शत्रू दोन. एक उष्णता, दुसरे चुंबकीय क्षेत्र.

हे का घडते, याचे उत्तर १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दिले. नेहमीच्या तारेत इलेक्ट्रॉन म्हणजे सराफ्यातली रात्रीची गर्दी. प्रत्येकाची दिशा वेगळी, धक्के खात चाललेली. अतिसंवाहकात मात्र इलेक्ट्रॉन जोड्या करतात आणि सगळ्या जोड्या एका तालात चालतात. आपल्या मिरवणुकीतले लेझीमचे पथक आठवा. शंभर जण असले तरी पाऊल एकच पडते. एखाद्याला मध्येच धक्का देऊन थांबवणे सोपे नसते, कारण त्याला सगळ्या पथकाचा ताल धरून ठेवतो. म्हणून रोध नाहीसा होतो.

लेझीमचीच उपमा थोडी पुढे नेतो, कारण आजचा विषय तिच्यातच आहे. पथकाला ताल किंवा रचना बदलायची असेल तर ती एका पावलात बदलत नाही, काही अंतर जावे लागते. अतिसंवाहकातही असे एक अंतर असते. त्याला सुसंगती लांबी म्हणू. त्याहून कमी अंतरात अतिसंवाहकता आपला जोर फारसा बदलू शकत नाही. शुद्ध ॲल्युमिनियममध्ये ही लांबी सुमारे १६०० नॅनोमीटर असते, कथलात २३०, शिशात ८० च्या थोडी वर आणि नायोबियममध्ये ४० च्या आसपास. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. दुसरे एक अंतर म्हणजे चुंबकीय क्षेत्र पृष्ठभागातून आत किती झिरपते ते. या धातूंमध्ये तेही काही दहा नॅनोमीटरच असते.

आता विचार करा. रुंद रस्त्यावरून पथक जाते तेव्हा दोन्ही बाजूंची घरे कशी आहेत याने त्याच्या नाचात काही फरक पडत नाही. तेच पथक जुन्या इंदुरातल्या एखाद्या बोळात शिरले की भिंतीच रचना ठरवू लागतात. चौकात रिंगण धरता येते, बोळात दोनच रांगा होतात, कोपऱ्यावर ताल सांभाळावा लागतो. धातूचा तुकडा या दोन लांबींच्या जवळपास आला की तो बोळात शिरला असे समजा. तिथून पुढे आकार बोलू लागतो.

खरे तर मोठ्या तुकड्यातही आकाराची थोडी चाहूल लागते. अतिसंवाहक गोळ्याने चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलले की त्या रेषा गोळ्याला वळसा घालून जातात आणि त्याच्या कमरेपाशी दाटतात. तिथे क्षेत्र बाहेरच्या दीडपट होते. म्हणून गोळ्याची कंबर आधी हार मानते. क्षेत्राच्याच दिशेत धरलेल्या लांब काडीला हा त्रास जवळजवळ नसतो. पण हे सगळे बाहेरच्या रेषांचे गणित झाले. धातूच्या आतली अवस्था आकाराने बदलते का, हा खरा प्रश्न.

त्याचे पहिले स्पष्ट उत्तर एका नळीने दिले. १९६१ मध्ये अमेरिकेत आणि जर्मनीत स्वतंत्रपणे असे दिसले की अतिसंवाहक कडीतून चुंबकीय फ्लक्स हवा तेवढा जात नाही, ठरावीक पुड्यांतच जातो. कारण पुन्हा लेझीम. रिंगणात नाचणारे पथक एक फेरी पूर्ण करून मूळ जागी आले की ताल जुळलाच पाहिजे. अर्धा ताल उरला तर रिंगण मोडेल. कडीत फिरणाऱ्या जोड्यांनाही फेरीअखेर पूर्ण ताल लागतो, म्हणून फ्लक्स एक पुडी, दोन पुड्या, तीन पुड्या असाच बसतो. अडीच चालत नाही. ही पुडी किती मोठी? एक मायक्रॉन बाजूचा चौकोन घेतला तर त्यातून एक पुडी जायला सुमारे २ मिलिटेस्ला क्षेत्र लागते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण पन्नासपट. प्रयोगशाळेत हे सहज मिळते.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, लिटल आणि पार्क्स यांनी अतिशय बारीक तंतूवर कथलाचा पातळ थर देऊन एक नळी तयार केली आणि क्षेत्र हळूहळू वाढवत नेले. साध्या तुकड्यात क्षेत्र वाढले की क्रांतिक तापमान उतरतच जाते. इथे ते उतरले, मग चढले, पुन्हा उतरले, पुन्हा चढले. फ्लक्स पूर्ण पुडीला आला की नळी सुखात, अर्ध्या पुडीला आला की अडचणीत. तापमानातला फरक अगदी बारीक होता, पण नियमित होता. मधल्या पोकळीने, म्हणजे जिथे धातूच नव्हता त्या जागेने, धातूचे वागणे ठरवले होते.

यानंतर तीस-एक वर्षे हा विषय थोडा थांबला, कारण हवे तसे सूक्ष्म आकार कापण्याची हत्यारे नव्हती. मग इलेक्ट्रॉनांच्या झोताने रेखाटन करण्याचे तंत्र पक्के झाले. १९९५ मध्ये बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठात मोशचालकोव्ह आणि सहकाऱ्यांनी जो प्रयोग केला तो मला फार आवडतो, कारण तो शाळकरी मुलालाही समजेल. त्यांनी ॲल्युमिनियमचे तीन नमुने घेतले. एक रेघ, एक भरीव चौकोन आणि एक चौकोनी कडी, म्हणजे चौकोनाचे मधले पोट काढून टाकलेले. मापे मायक्रॉनच्या आसपास. मग तिघांना थंड करून चुंबकीय क्षेत्रात धरले आणि कोण कोणत्या तापमानाला हार मानतो ते मोजले.

रेघेचा आलेख गुळगुळीत निघाला, एकसारखा खाली वळत गेलेला. कडीच्या आलेखात लिटल आणि पार्क्स यांच्या नळीसारख्या नियमित लाटा आल्या. भरीव चौकोन दोघांहून वेगळा. त्याचा आलेख साधारण सरळ उतरता, पण त्यावर पायऱ्यांसारखे उंचवटे. जणू चौकोनाने आपल्या पोटातच एक कडी कल्पिली होती. धातू एक, थंडी एक, मोजणारे एक. फरक फक्त आकाराचा. भौतिकशास्त्राच्या वर्गात मी हे तीन आलेख फळ्यावर एकाखाली एक काढत असे आणि खाली धातूचे नाव लिहायचे मुद्दाम टाळत असे. विद्यार्थी तीन वेगळे धातू सांगायचे.

भरीव चौकोनात क्षेत्र शिरते ते भोवऱ्यांच्या रूपात. मोठ्या पत्र्यात असे भोवरे निर्माण होतात हे अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्येच मांडले होते. प्रत्येक भोवऱ्यात एक पुडी, आणि ते एकमेकांना दूर लोटून त्रिकोणी नक्षीत बसतात. पण छोट्या तबकडीत किंवा चौकोनात तेवढी जागा नसते. कधी दोन-तीन भोवरे एकवटून एकच मोठा भोवरा होतो. नंतर ग्राफीनमुळे ज्यांचे नाव सर्वांना कळले त्या आंद्रे गाइम यांनी १९९७ मध्ये ॲल्युमिनियमच्या एकेकट्या सूक्ष्म तबकड्या मोजल्या, तेव्हा पुड्या एकेक करून आत शिरताना उड्यांच्या रूपात दिसल्या. त्या उड्या कशा असतील हे तबकडीच्या मापावर ठरत होते.

२००० साली लूव्हेनच्याच गटाने एक चमत्कारिक भाकीत केले. चौकोनात तीन पुड्या भरायच्या आहेत. चौकोनाला कोपरे चार. तीन भोवरे चार कोपऱ्यांत सारखे कसे बसवायचे? गणित सांगते की चार कोपऱ्यांकडे चार भोवरे बसतात आणि मध्ये एक उलटा फिरणारा भोवरा जन्माला येतो. चार वजा एक, झाले तीन. त्रिकोणात दोन पुड्या असतील तर तीन कोपऱ्यांकडे तीन आणि मध्ये एक उलटा. आकाराची समरूपता राखण्यासाठी निसर्गाने नसलेली गोष्ट निर्माण करावी, असा हा निष्कर्ष आहे. असे भोवरे एकमेकांच्या इतके जवळ असतात आणि आकारातल्या बारीकशा दोषानेही इतके बिघडतात की ते पाहणे अवघड. पण यातून एक धडा मिळतो. सूक्ष्म जगात कोपरा ही नुसती कडा नसते, ती एक अट असते.

इथवर आपण आकाराबद्दल बोललो. आता त्याच्या थोरल्या भावाकडे, आकारमानाकडे वळू, कारण पणाला लागलेली गोष्ट तिथे आहे. तुकडा लहान लहान करत गेलो तर अतिसंवाहकता कुठपर्यंत टिकते? हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. अतिसंवाहक यंत्रे लहान करायची असतील तर तळ कुठे आहे हे आधी माहीत हवे.

१९५९ मध्ये फिलिप अँडरसन यांनी त्याचे उत्तर विचारातून काढले. धातूत इलेक्ट्रॉनांना बसायला ऊर्जेच्या पायऱ्या असतात. मोठ्या तुकड्यात त्या इतक्या जवळ असतात की उतारच वाटावा. तुकडा लहान झाला की पायऱ्या एकमेकींपासून दूर जातात. दोन पायऱ्यांमधले अंतर जोडी तोडायला लागणाऱ्या ऊर्जेएवढे झाले, की जोड्या जमणेच कठीण होते. हार्वर्डमध्ये राल्फ, ब्लॅक आणि टिंकहॅम यांनी १९९५ पासून ॲल्युमिनियमच्या एकेका कणातून एकेक इलेक्ट्रॉन पाठवून हे तपासले. सुमारे ५ नॅनोमीटर त्रिज्येपेक्षा मोठ्या कणांत जोड्यांची खूण स्पष्ट दिसली, त्याहून लहान कणांत ती हरवली. गंमत म्हणजे कणात इलेक्ट्रॉनांची संख्या सम आहे की विषम, हेही कळत होते. विषम असेल तर एक जण जोडीदाराविना उरतो. फुगडीत एक मुलगी उरली की तिची काय अवस्था होते ते आपल्याकडच्या मुलींना विचारा.

या शोधात मुंबईचाही वाटा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संगीता बोस, पुशन अय्यूब, प्रताप रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी नायोबियमचे नॅनोकणांनी बनलेले पापुद्रे तयार केले. कण सुमारे २० नॅनोमीटरहून लहान होऊ लागले तसे क्रांतिक तापमान उतरत गेले, आणि ८ नॅनोमीटरच्या खाली अतिसंवाहकता दिसेनाशी झाली. हे काम २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आकारमान कसे हिरावून घेते, त्याचा हा पायरी-पायरीने मांडलेला हिशेब आहे.

पण कथा इथे संपली असती तर मी आज हे व्याख्यान दिले नसते. २०१० मध्ये संगीता बोस आणि जर्मनीतील स्टुटगार्टच्या मॅक्स प्लँक संस्थेतील सहकाऱ्यांनी कथलाचे एकेकटे, अर्धगोलाकार नॅनोकण तपासले. इथे उतार सरळ नव्हता. थोडेसे माप बदलले की जोड्यांची ताकद कधी खाली, कधी वर जात होती. काही कणांत तर ती मोठ्या कथलापेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त भरली. लहान केल्यावर वाढली!

हे कसे? नाट्यगृहातल्या खुर्च्या डोळ्यांपुढे आणा. वेड्यावाकड्या खोलीत खुर्च्या जशा बसतील तशा मांडल्या, तर प्रत्येक खुर्ची रंगमंचापासून वेगळ्या अंतरावर येते. पण सभागृह अर्धवर्तुळाकार असेल तर एकेका रांगेतल्या सगळ्या खुर्च्या सारख्याच अंतरावर येतात. नॅनोकणाचा आकार गोलासारखा सुडौल असेल तर इलेक्ट्रॉनांच्या पायऱ्यांचेही असेच होते. अनेक पायऱ्या एका उंचीवर गोळा होतात. भरलेल्या जागांची शेवटची रांग नेमकी अशा गर्दीच्या उंचीला आली, की जोड्या जमवायला भरपूर इलेक्ट्रॉन हाताशी असतात आणि अतिसंवाहकता बळावते. ती दोन रांगांच्या मधल्या रिकाम्या जागेत आली तर दुबळी होते. म्हणून अर्ध्या नॅनोमीटरचा फरकही दिसतो. शिशात सुसंगती लांबी लहान असल्यामुळे हा चढउतार तसा दिसला नाही. तिथे ताकद हळूहळू कमीच होत गेली. आकाराने काय परत द्यायचे तेही शेवटी धातूला विचारूनच ठरते.

अशीच गोष्ट पातळ पापुद्र्यांत दिसली. २००४ मध्ये बीजिंगमधल्या संशोधकांनी सिलिकॉनवर शिशाचे थर अणूअणूने रचले, वीस-तीस थरांपर्यंत. एक थर वाढवला की क्रांतिक तापमान चढे, आणखी एक वाढवला की उतरे. जाडीत फक्त एका अणूचा फरक!

तर आजच्या बोलण्याचे सार इथे एका वाक्यात सांगतो. आकारमान अतिसंवाहकता हिरावून घेते आणि नीट निवडलेला आकार तिच्यातले काही परत देतो, क्वचित मूळच्यापेक्षा जास्त देतो.

आता हे कुठे उपयोगी पडते ते पाहू. ५ नॅनोमीटर जाड आणि १०० नॅनोमीटर रुंद अशी नायोबियम नायट्राइडची पट्टी घ्या आणि तिला जिलबीसारखी, खरे तर गोधडीच्या टाक्यासारखी, मागेपुढे वळवत एका छोट्या चौकोनात बसवा. तिच्यातून प्रवाह सोडा, इतका की अजून थोडा वाढला तर अतिसंवाहकता मोडेल. आता प्रकाशाचा एकच कण, एकच फोटॉन, तिच्यावर पडला तरी तेवढ्या जागी अतिसंवाहकता तुटते आणि विजेचा ठसका मिळतो. प्रकाशाचा एकेक कण मोजणारे हे यंत्र २००१ मध्ये मॉस्कोतल्या गोल्ट्समन यांच्या गटाने प्रथम दाखवले.

यात अडचण आली वळणांची. विसर्जनाची मिरवणूक वळणावर आली की सगळे आतल्या बाजूने वळायला बघतात, बाहेरचा रस्ता मोकळा राहतो आणि आतल्या कोपऱ्यावर चेंगराचेंगरी होते. विजेचा प्रवाहही तसाच आतल्या कोपऱ्याला चिकटतो. तो कोपरा काटकोनी असेल तर सगळी पट्टी ठणठणीत असताना तेवढी जागा आधीच मोडते, आणि यंत्र पूर्ण ताकदीने चालवता येत नाही. २०११ मध्ये क्लेम आणि बर्गरेन यांनी हिशेब करून दाखवले की आतला कोपरा योग्य प्रकारे गोलसर केला तर हे नुकसान टाळता येते. पदार्थ बदलायचा नाही, थंडी वाढवायची नाही. फक्त कोपरा गोल करायचा.

याच प्रकारची यंत्रे अमेरिकेत पालोमार येथील दुर्बिणीला जोडलेली होती, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये ‘सायकी’ यानाने सुमारे ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून लेसरने चलचित्र पाठवले. चित्रात एक मांजर लेसरच्या ठिपक्यामागे धावत होते. इतक्या लांबून येणारा प्रकाश म्हणजे मोजकेच कण. ते टिपले अतिसंवाहक तारेच्या जाळीने.

आपल्या घराजवळचेही एक उदाहरण देतो. इथे इंदुरात राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात कणत्वरकांसाठी नायोबियमच्या पोकळ्या तयार करण्याचे आणि तपासण्याचे काम चालते. वस्तू हातात न मावणारी, मणी ओवल्यासारखी दिसणारी. प्रत्येक मणी लंबगोल असतो, आणि तो शोभेसाठी तसा नसतो. सपाट भिंती असल्या तर भटके इलेक्ट्रॉन त्याच त्या जागी आपटून नवे इलेक्ट्रॉन उडवत राहतात आणि लोंढा तयार होतो. भिंत गोलसर असली की ते सरकत सरकत कमरेपाशी जातात आणि लोंढा विझतो. आणि पोकळी कितीही मोठी असो, प्रवाह वाहतो तो नायोबियमच्या वरच्या काही दहा नॅनोमीटरच्या कातडीतच. म्हणून आतला पृष्ठभाग आरशासारखा राखण्यासाठी एवढी मेहनत. आपल्या शहरात हे काम होते, आणि आपल्यापैकी काही घरांतली मुले-मुली तिथे नोकरीला आहेत.

आता आकार कागदावरून उठून उभेही राहू लागले आहेत. आयनांच्या किंवा इलेक्ट्रॉनांच्या झोताने टंगस्टनयुक्त पदार्थाच्या नॅनोमापाच्या मळसूत्री तारा आणि कमानी हवेत रचता येतात. ड्रेस्डेनमधल्या संशोधकांनी अशा त्रिमितीय रचनेला चुंबकीय क्षेत्रात वेगवेगळ्या दिशांनी धरून दाखवले की तिचा एक भाग अतिसंवाहक ठेवून दुसरा बंद करता येतो. तारेचा कोणता भाग क्षेत्राशी कोणता कोन करतो, यावर सारे अवलंबून. म्हणजे आकार हाच बटण झाला.

समारोपाकडे येताना एक स्पष्ट बोललेले बरे. घरोघरच्या मोबाइलवर अधूनमधून बातमी येते की खोलीच्या तापमानाला चालणारा अतिसंवाहक सापडला. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातून असा दावा झाला तेव्हा मलाही बरेच फोन आले. इतर प्रयोगशाळांनी तो पदार्थ तयार करून पाहिला आणि दावा टिकला नाही. आकाराच्या किमयेबद्दलही असा गैरसमज नको. कथलाची ताकद ६० टक्के वाढली, आणि तापमानही त्याच प्रमाणात वाढले असे धरले, तरी ३.७ केल्विनचे जेमतेम ६ केल्विन होतील. हेलियमची थंडी लागणारच. आकार आपल्याला बर्फाच्या घरातून उन्हात नेणार नाही. तो त्या घरात आपले काम नीट करायला शिकवतो.

तरीही मला यात आशा दिसते. नवा पदार्थ सापडणे हा बराचसा नशिबाचा भाग. शंभर वर्षे लोक शोधताहेत, अजून शोधतील. आकार मात्र आपल्या हातात असतो. ॲल्युमिनियम, कथील, शिसे ही आपल्या तांबटआळीला माहीत असलेली साधी धातूंची नावे. क्वांटम संगणकाच्या अनेक चिपाही आज ॲल्युमिनियमच्याच पापुद्र्यांच्या असतात, आणि त्यात भटके भोवरे काम बिघडवू नयेत म्हणून मुद्दाम बारीक छिद्रे पाडून त्यांना तिथे अडकवून ठेवतात. साध्या धातूतून असाधारण काम काढायचे तर कुठे कापायचे, कुठे वळवायचे आणि कुठे मोकळे सोडायचे हे कळले पाहिजे. ही बुद्धी कारागिराची आहे, आणि ती आपल्याकडे कधीच कमी नव्हती.

इथे बसलेल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींना एवढेच सांगतो. भूमिती हा परीक्षेपुरता विषय आहे असे समजू नका. त्रिकोण, चौकोन, वर्तुळ यांच्यातला फरक एखाद्या धातूलाही कळतो आणि तो त्याप्रमाणे आपले वागणे बदलतो. आपल्याला तो फरक नीट कळला, तर त्या धातूकडून काय करून घ्यायचे हे आपण ठरवू शकू.

 प्रश्न असतील तर आरतीनंतर मी प्रसादाच्या टेबलाजवळ थांबेन.

गणपती बाप्पा मोरया!